अप्पांच्या नावाचं लॉगिन

१ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसात यंत्र आलं. दिसायला काही नाही, सगळं कॉम्प्युटरच्या आतच. आपण लिहिलेला कोड ते वाचतं आणि शेरे मारतं. शेरे मिटल्याशिवाय कोड बाहेर जाणार नाही, असा अनिशचा हुकूम. अनिश म्हणजे मालक, वय एकतीस. त्याच्या वडिलांनी मला नोकरीवर घेतलं तेव्हा हा दहावीत गणितात अडकला होता. मीच शिकवलं. विसरला असेल.

यंत्राने पहिली फाईल कुणाची उचलावी? माझी. सूचनांची. आमचं प्लगिन कापड दुकानांच्या वेबसाइटला जोडलेलं असतं. दुकानदार साइटच्या आतल्या पानावर गेला की वर पिवळी पट्टी येते : स्टॉक भरा, फोटो फार मोठा आहे, अमुक संपलं, तमुक जोडा. ती पट्टी मी केली. अकरा वर्षांपूर्वी, एकट्याने. चारशे बारा ओळी, आणि पहिल्या ओळीत, लेखक : शेषगिरी. ऑफिसात माझ्या नावाची तेवढी एकच वस्तू आहे.

सदतीस शेरे.

डबा तसाच परत आणला.

२ सप्टेंबर, मंगळवार

संकल्प : शुक्रवारपर्यंत सदतीसच्या सदतीस शेऱ्यांचा निकाल लावायचा. रोज दहा. आणि रेश्माची मदत घ्यायची नाही. रेश्मा माझ्या हाताखाली चार वर्षं आहे. हुशार आहे, पण दिसू देते.

अनिशने स्पष्टच सांगितलं. दसऱ्याच्या आत फाईल स्वच्छ झाली तर प्लगिन माझ्याकडे, नाहीतर रेश्मा नव्याने लिहील. स्वच्छ म्हणाला! मी काय भांडी विसळतो?

४ सप्टेंबर, गुरुवार

निकाल : शून्य. पण त्याला कारण आहे. मी एकेका शेऱ्याला लेखी उत्तर देतोय. समोरच्याचं अज्ञान दूर केल्याशिवाय कोडला हात लावण्यात अर्थ नाही.

यंत्र उलट उत्तर देतं. दर वेळी धन्यवाद, चांगला मुद्दा मांडलात, तरीही. हे 'तरीही' आमच्या सासऱ्यांचं. वैतागून मराठीत लिहिलं, तर तेही मराठीत आलं, आणि मला 'आपण' म्हणालं. पंधरा वर्षांत या ऑफिसात मला कुणी आपण म्हटलेलं नाही. बरं वाटलं. मग पुढचं वाक्य वाचलं. आपली ओळ १८८ धोकादायक आहे.

नाचता येईना अंगण वाकडं. यंत्राला वाचता येत नाही, त्याला मी काय करू?

८ सप्टेंबर, सोमवार

शेरा क्रमांक चौदा. याने डोकं उठवलंय.

पट्टीच्या कोपऱ्यात एक फुली आहे. फुली दाबली की पट्टी जाते. यंत्राचं म्हणणं : फुली कोण दाबतंय याची चौकशीच नाही. एकाने दाबली की सगळ्यांसाठी ती कायमची जाते. महत्त्वाच्या सूचनेला फुली असूच नये, काम पुरं झाल्यावरच ती जावी.

आता याला आपल्या हुबळीची दाजीबानपेठ कशी समजावू? शंकरअण्णांचं दुकान घ्या. माणसं मूळची इचलकरंजीकडची, तीन पिढ्या इथे साड्या विकतात. तिघं भाऊ : शंकरअण्णा थोरले, मधुकर मधला, प्रसाद धाकटा. साइट सुरू केली तेव्हा मी नियमाप्रमाणे तिघांना तीन लॉगिन दिले. थोरल्याला सगळे अधिकार, बाकी दोघांना थोडे कमी. झालं! मधुकरने आठ दिवस दुकानात पाऊल टाकलं नाही. मला कमी का, हा एकच प्रश्न. त्याच्या बायकोने तर धारवाडला माहेर गाठलं. शेवटी तोडगा मी काढला. तिन्ही लॉगिन रद्द, एकच लॉगिन, अप्पांच्या नावाने. अप्पा म्हणजे तिघांचे वडील, तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. अप्पांच्या वर कोण? तेव्हापासून घरातलं प्रत्येक माणूस अप्पा म्हणूनच आत जातं. पासवर्डही मीच ठरवून दिला. त्या दिवशी रुक्मिणीअक्कांनी, म्हणजे थोरल्या वहिनींनी, मला ओल्या डोळ्यांनी जिलेबी वाढली होती.

त्यांची एक रीतही आहे. सर्वपित्रीला अप्पांचं श्राद्ध असतं, त्या दिवशी अप्पांच्या नावाने कुणी लॉगिन करायचं नाही. दुकान उघडं असलं तरी साइटला हात नाही.

हे सगळं यंत्राला लिहिलं. दोन पानं. उत्तर : संदर्भ दिल्याबद्दल धन्यवाद. यामुळे धोका आणखी वाढतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

मीटिंग. आपण ज्या कुरियरशी जोडलेले आहोत त्यांचा जुना जोडणी-क्रमांक बावीस तारखेला बंद. प्रत्येक दुकानाने आपल्या साइटवर नवा क्रमांक भरायचा. न भरल्यास साइट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार की तुमच्या पत्त्यावर माल पोचत नाही. आणि बावीसलाच घटस्थापना. नऊ रंगांच्या साड्यांचा हंगाम, वर्षाचं निम्मं काम त्या नऊ दिवसांत.

अनिशने विचारलं, सूचना कशी द्यायची. मी म्हटलं, पट्टी आहे की. रेश्मा म्हणाली, फोनही करू या सगळ्यांना, आणि चौदा नंबरचा शेरा अर्ध्या दिवसात दुरुस्त होईल, मी करते. अर्धा दिवस! माझं अकरा वर्षांचं काम, हिचा अर्धा दिवस. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिथल्या तिथे सांगितलं, फोनची गरज नाही आणि फाईलला माझ्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही. अनिश फक्त म्हणाला, आयतु सर, ठीक आहे, पण शेरे मिटलेले हवेत.

घरी धारवाडला आल्यावर बायको, श्रीलक्ष्मी, म्हणाली, करू द्यायचं होतं हो तिला, तेवढाच तुम्हाला आराम. केळगेरीच्या शाळेत तिसरीला शिकवते. तिला यातलं काय कळणार?

१५ सप्टेंबर, सोमवार

शेरे छत्तीस. एक मिटवला, ओळीच्या शेवटची मोकळी जागा. मग दोन नवे आले.

१६ सप्टेंबर, मंगळवार, दुपारी सव्वादोन

सापडलं!

कोडमध्ये एक ठरावीक ओळ लिहिली की यंत्र तिच्या खालची ओळ वाचत नाही. 'इकडे दुर्लक्ष करा' एवढाच अर्थ. यंत्र करणाऱ्यांनीच दिलेली सोय आहे, म्हणजे मी काही चोरून केलेलं नाही. जिथे जिथे शेरा, तिथे तिथे ती ओळ घातली. चाळीस मिनिटांत आटोपलं. आपला हात जगन्नाथ.

शेरे : ०.

यंत्र अखेर शुद्धीवर आलं. अनिशने पाठीवर थाप मारली. रेश्माने विचारलं, सगळे कसे मिटले सर? म्हटलं, अनुभव.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सूचना सगळ्या दुकानांत लागली. लाल पट्टी, पिवळी नव्हे. वाक्य मीच लिहिलं, कानडीत आणि मराठीत. आठशे दुकानांत आज माझे शब्द वाचले जातायत.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी निवांत. श्रीलक्ष्मीला म्हटलं, ये, तुला माझं काम दाखवतो. लग्नाला एकवीस वर्षं झाली, एकदाही तिने पाहिलं नव्हतं. मोबाइलवरून शंकरअण्णांची साइट उघडली, पासवर्ड तोंडपाठ. पट्टी झोकात. ती म्हणाली, छान आहे हो, पण एवढी लाल कशाला. मग फुलीचंही विचारलं. म्हटलं, बघ, दाबली की कशी झटकन जाते. दाबून दाखवली. गेली.

तिला आवडलं असावं. मग कणीक मळायला गेली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नवरात्राचा दुसरा दिवस. ऑफिसात शांतता. एकाही दुकानाचा फोन नाही, याला म्हणतात काम. अनिशला सुचवलं की माझ्या नावापुढे 'प्रमुख' लागायला हवं. बघू म्हणाला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शंकरअण्णांचा फोन. चार दिवसांत साइटवर एकही ऑर्डर नाही. कोल्हापूरच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी फोन करून झापलं म्हणे, आमच्या पत्त्यावर तुमचा माल पोचत नाही का आता? एवढी वर्षं कसा पोचत होता?

मी म्हटलं, अहो, लाल पट्टी वाचली नाहीत का? ते म्हणाले, कसली पट्टी? आमच्याकडे काहीच आलं नाही.

लोक वाचत नाहीत, हाच मूळ रोग. बाकी सगळ्या दुकानांनी क्रमांक भरलाय. शहाण्याला शब्दाचा मार.

२७ सप्टेंबर, शनिवार

रेश्माने नोंद काढली. शंकरअण्णांच्या साइटवर पट्टी लागली होती. फुली दाबली गेली एकवीस तारखेला, सकाळी अकरा चाळीसला. दाबणाऱ्याचं नाव : अप्पा.

एकवीसला सर्वपित्री होती.

मी वाचलं आणि पाणी प्यायलो. माझा याच्याशी संबंध आहे असं म्हणता येणार नाही. मी फक्त पाहिली होती. म्हणजे दाबलीही होती, पण दाखवण्यासाठी.

२९ सप्टेंबर, सोमवार

अनिशने मला दाजीबानपेठेत पाठवलं, समजूत घालायला. दुकानात गर्दी होती पण घरची माणसं मागच्या खोलीत. तिघाही भावांनी देवाची शपथ घेतली, त्या दिवशी कुणी आत गेलं नाही. रुक्मिणीअक्कांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या म्हणत होत्या, अप्पांनाच दुकानाची ही साइट नकोय, श्राद्धात काहीतरी राहिलं. प्रसादने पुन्हा पिंडदान करायचं ठरवलंय. मी मान हलवत राहिलो. लाडू खाल्ला.

अप्पांवर ढकललं जातंय, हे एका अर्थी बरंच आहे. अप्पांना त्रास नाही, मलाही नाही. आठवड्याभरात निवेल.

३० सप्टेंबर, मंगळवार

निवलं नाही. रेश्मा फार खोलात जाते. फुली धारवाडच्या कनेक्शनवरून दाबली गेली, हुबळीहून नव्हे, हे तिने शोधलं. आणि मला विचारण्याआधी शंकरअण्णांना कळवलं.

मग माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. सर, आपल्या ऑफिसातलं धारवाडचं कोण आहे? म्हटलं, धारवाडात लाखो लोक राहतात. ती हो म्हणाली आणि गेली. काय बघत होती कुणास ठाऊक.

एवढं खरं की मधुकरच्या बायकोचं माहेर धारवाडला आहे, आणि त्या रविवारी मधुकर तिकडेच होता, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला. हे मी नाही सांगितलं. शंकरअण्णांच्या आपोआप लक्षात आलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. सोनं द्यायला शंकरअण्णांकडे गेलो नाही. गुडघा दुखत होता.

प्रसाद सांगत होता, मधुकर काल घरी जेवायला आलाच नाही. त्याआधी शंकरअण्णा त्याला सगळ्यांसमोर म्हणाले की बापाच्या श्राद्धाच्या दिवशी बापाचं नाव वापरलंस, वर खोटी शपथ. मधुकर म्हणाला, मी नाही, नाही, नाही. अर्थात मधुकरने नाही.

रात्री जेवताना श्रीलक्ष्मीला सहज सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, अहो, ते तर आपण दाबलं ना? त्या रविवारी? मी म्हटलं, आपण नाही, मी. आणि प्रश्न तो नाही. म्हणाली, मग उद्या सकाळीच जाऊन सांगा. म्हटलं, सांगतो, सोमवारी. आधी अनिश 'प्रमुख' करतोय ते होऊ दे. आत्ता सांगितलं तर फाईल हातची जाईल. अकरा वर्षं आहेत ती.

ती उठली. ताट उचलून आत गेली.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज सांगणार होतो. शंकरअण्णांचा फोन लागला नाही. एकदाच केला, पण लागला नाही हे खरं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अनिशने केबिनमध्ये बोलावलं. रेश्मा आधीच तिथे. स्क्रीनवर माझी फाईल, आणि माझ्या त्या 'दुर्लक्ष करा'च्या सगळ्या ओळी पिवळ्या करून ठेवलेल्या. अडतीस.

अनिश ओरडला असता तर चाललं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, सर, चौदा नंबरवरपण? मी सांगायला सुरुवात केली की ही सोय यंत्रवाल्यांनीच दिलीय. तो कानडीत म्हणाला, बिडरी सर, राहू दे. मग कळलं की रेश्माने नवी फाईल महिन्यापूर्वीच लिहून ठेवली होती. अर्ध्या दिवसात. वापरायची वेळ येऊ नये म्हणून दाखवली नव्हती म्हणे.

मला आता मार्गदर्शक केलंय. म्हणजे जुनी माहितीपत्रकं तपासायची, भाषा सुधारायची. विचार केला तर ही बढतीच आहे. खिडकीजवळचं टेबल मिळालं.

धारवाडच्या बसमध्ये तिकीट दोनदा काढलं. राग आहे, दुसरं काही नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी चार दिवसांवर. प्रसाद भेटला, बसस्टॉपवर. मधुकर वेगळा झाला. दुकानाला मागून दरवाजा फोडून त्याला वेगळा गाळा काढून दिला, मध्ये प्लायवूडची भिंत. अप्पांचा फोटो कुणाकडे यावर दोन दिवस भांडण, शेवटी कुणाकडेच नाही, काढून माळ्यावर. साइट बंद केली. अप्पा नावाचं लॉगिन रुक्मिणीअक्कांनी स्वतः काढायला लावलं.

प्रसाद म्हणाला, एवढ्याशा गोष्टीवरून घर मोडलं सर. मी म्हटलं, आतून कुजलेलं असेल, एरवी असं मोडत नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. वाक्य चुकलं. पण निघून गेलं तोंडातून.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी यंत्राचा शेरा आला, माझ्या नावाने. बऱ्याच दिवसांनी. फाईल ४१२ ओळी अधिक ३८. ही आता कुठूनही वापरली जात नाही. काढून टाकता येईल.

पण काढायला मंजुरी माझीच लागते, लेखक मी ना! पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावाचून काहीतरी अडलं. दुपारपर्यंत अडवून ठेवलं. यंत्राला एक लांब उत्तर लिहिलं, पट्टी कशी सुचली, पहिल्या दिवशी अनिशच्या वडिलांनी पेढे कसे वाटले, सगळं. उत्तर आलं : माहितीबद्दल धन्यवाद. शिफारस कायम आहे.

रेश्मा दोनदा टेबलापाशी येऊन गेली. घाई केली नाही तिने. साडेतीनला बटण दाबलं.

मग फोनपाशी बसलो. आठशे दुकानं. कुठेतरी काहीतरी बिघडेल, कुणीतरी ओरडेल. सहा वाजेपर्यंत थांबलो. एकाही दुकानात काहीही बिघडलं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार, रात्री

आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून दाजीबानपेठेत गेलो. हे मी प्रामाणिकपणे लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

शंकरअण्णा एकटेच गल्ल्यावर होते. प्लायवूडच्या पलीकडून मधुकरचा आवाज येत होता, गिऱ्हाइकाला काठ दाखवत होता. मी सांगून टाकलं. फुली मी दाबली. रविवारी, अकरा चाळीसला, घरून, बायकोला दाखवायला. मधुकरचा काही दोष नाही. एका दमात बोललो, माझाच आवाज मला ओळखू येईना.

शंकरअण्णांनी गल्ला बंद केला. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, सर, आमचं घर जोडावं म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. अप्पांनंतर आमचा एवढा विचार कुणी केला नाही. पण मी त्याला ओळखतो हो, लहानपणापासून. तुम्ही नका वाईटपणा घेऊ.

मी म्हटलं, नाही हो, खरंच मी. ते म्हणाले, तुमचं मन मोठं आहे. मी आणखी एकदा म्हटलं. मग गिऱ्हाईक आलं. फार ताणणं बरं दिसेना. पलीकडे जाऊन मधुकरला सांगायचं मनात आलं होतं, पण त्याच्याकडेही गर्दी होती.

निघताना शंकरअण्णांनी एक इरकली साडी बांधून हातात दिली, वहिनींना म्हणून. नको नको म्हटलं. घेतली.

श्रीलक्ष्मीने विचारलं, कशाबद्दल दिली? म्हटलं, खरं बोललो त्याबद्दल. आणि मधुकर काय म्हणाला, तिने विचारलं. मी कपडे बदलायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ती वह्या तपासत बसली होती, आणि साडी दाराजवळ चपलांशेजारी, पिशवीतून बाहेरही काढलेली नव्हती.